पालखीचा गोंडा आणि डोईवरचा जग

दलित साहित्याचा विचार करताना आपण ‘वास्तव’ या शब्दावर इतका भर दिला की ‘अद्भुत’ हा शब्द उच्चारतानाही आपल्याला संकोच वाटू लागला. त्याला कारणेही तशीच होती. पुराणांनी ज्यांना राक्षस ठरवले, कथाकीर्तनांनी ज्यांच्या दारिद्र्याला पूर्वजन्मीचे पाप म्हटले, त्यांच्या लेखकांनी कल्पिताकडे संशयाने पाहावे यात नवल नाही. जे भोगले ते लिहा, अशी आपली मागणी होती आणि ती रास्त होती. तरीही काही वर्षांपूर्वी गडहिंग्लज तालुक्यातील मुलींच्या एका वसतिगृहात मला एक प्रश्न विचारला गेला आणि या रास्त मागणीत काहीतरी सुटून गेले आहे असे वाटू लागले.

स्त्रियांच्या आत्मकथनांवर बोलण्यासाठी मला तिथे बोलावले होते. बोलणे संपल्यावर अकरावीतली एक मुलगी उठली. म्हणाली, “सर, या सगळ्या पुस्तकात बायका रडत्यात, मार खात्यात, मग शिकत्यात. ते खरंच हाय. पण आपल्या बायका राज्य करत्यात, अशी एखादी खोटी गोष्ट न्हाई का आपल्यात?” बाकीच्या मुली हसल्या. मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. ‘खोटी गोष्ट’ हे तिचे शब्द मात्र माझ्याबरोबर कोल्हापूरपर्यंत आले. हा लेख म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे, आणि ते इतिहासातूनच द्यावे लागेल.

राज्य करणाऱ्या स्त्रीची ‘खोटी गोष्ट’ मराठीत आहे आणि ती एका स्त्रीनेच लिहिली आहे. काशीबाई कानिटकरांची ‘पालखीचा गोंडा’ ही कादंबरी १९२८ साली प्रसिद्ध झाली. काशीबाईंचा जन्म १८६१ चा, कृष्णाकाठच्या आष्ट्याचा. लग्न नवव्या वर्षी झाले. भावांच्या अभ्यासाकडे कान लावून, घरातल्या बायकांची बोलणी खात त्या अक्षर शिकल्या. पुढे त्या नावाजलेल्या लेखिका झाल्या. त्यांच्या या कादंबरीत एका बुद्धिमान मुलीचे लग्न एका संस्थानिकाच्या मतिमंद मुलाशी लावले जाते. फसवणुकीने वाट्याला आलेल्या त्या वैभवात ती कुढत बसत नाही. संस्थानचा कारभार तिच्या हाती येतो आणि बाया शिकतात, अधिकाराच्या जागांवर बसतात असे राज्य ती उभे करते. बंगालात रुकैया सखावत हुसेन यांनी ‘सुलतानाज ड्रीम’ या इंग्रजी कथेत पुरुषांना घरात बसवून बायकांचे राज्य रंगवले ते १९०५ साली. काशीबाईंचे स्वप्न तितके बेफाम नाही. त्यांचे पाय संस्थानी जमिनीवर आहेत, कायदा, दरबार, सासू, दीर, नातलग सगळे आहेत. पण मराठी कादंबरीतील राजकन्येला ‘मंजुघोषा’च्या (१८६८) काळापासून जे एकच काम नेमून दिले होते, म्हणजे सुंदर असणे आणि विरहात झुरणे, ते काशीबाईंच्या नायिकेने सोडले. स्त्रीने लिहिलेली पहिली मराठी कादंबरी म्हणून जिचे नाव घेतले जाते ती साळूबाई तांबवेकरांची १८७३ ची कादंबरीही ‘चंद्रप्रभाविरहवर्णन’च होती. विरहापासून राज्यकारभारापर्यंत यायला पंचावन्न वर्षे लागली.

पालखीचा गोंडा म्हणजे पालखीत बसणाराच्या हाताशी लोंबणारा रेशमी गोंडा. तो ज्याच्या हाती आला त्याचे दैव फळफळले अशी समजूत. काशीबाईंनी हे नाव उपरोधाने दिले. मुलीच्या हाती गोंडा आला, पण कोणत्या किमतीला, असा त्यांचा प्रश्न आहे आणि तो मोलाचा आहे. आपण मात्र पालखीकडे खालून पाहणारी माणसे. आपली नजर आधी दांडीकडे जाते, दांडीखालच्या खांद्याकडे जाते. पालखीत राजा बसला काय आणि राणी बसली काय, वजन तेवढेच. ज्या वर्गातून ही कादंबरी आली त्या वर्गाला हा प्रश्न पडण्याचे कारण नव्हते. त्यासाठी काशीबाईंना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्या जागी बसून त्यांनी जेवढे पाहिले तेवढे त्यांच्या काळातल्या फार थोड्या पुरुषांनी पाहिले होते.

या स्वप्नाचा एक धागा थेट कोल्हापुरात येतो. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे मराठी चरित्र काशीबाईंनी लिहिले. गोपाळराव जोशी पोस्टात नोकरीला होते आणि काही काळ त्यांची नेमणूक कोल्हापुरात होती. पत्नीला शिकवण्यासाठी त्यांची मिशनऱ्यांकडे धडपड चालू होती ती इथेच. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडल्या आणि कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून त्यांना जागा देऊ केली. आज ज्याला आपण सीपीआर म्हणतो तेच हे रुग्णालय. त्या जागेवर आनंदीबाई कधी बसल्या नाहीत. क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधी, पुण्यात वारल्या. पुढे शाहू महाराजांच्या मदतीने शिकलेल्या कृष्णाबाई केळवकर डॉक्टर म्हणून या रुग्णालयात आल्या. बाईने बाईला बरे करावे, ही गोष्ट काशीबाईंच्या पिढीला परीकथेसारखीच वाटत असणार. ती कोल्हापुरात खरी झाली.

इतकेच नव्हे, ‘पालखीचा गोंडा’ छापून येण्याच्या आधीच कोल्हापूरचा राजा कादंबरीतल्या राणीच्या पुढे गेला होता. १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा हुकूम निघाला. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले, त्याच वर्षी विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याचा आधार मिळाला. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांच्या शाळेत बसवण्याचा हुकूम झाला आणि स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा आला. १९२० च्या मार्चमध्ये माणगावची परिषद भरली. त्याच १९२० साली जोगतिणी आणि मुरळ्या सोडण्याच्या चालीविरुद्धही शाहू महाराजांनी कायदा केला. कल्पनेतील राज्यापेक्षा खरे राज्य पुढे जाते, असा योग इतिहासात क्वचित येतो.

आणि तरीही ज्या मुलीने मला प्रश्न विचारला तिची आजी जोगतीण होती. कायद्यानंतर किती वर्षांनी ती सोडली गेली याचा हिशेब मनाशी करून पाहिला तेव्हा मला माझीच लाज वाटली. राजाचा कायदा तिच्या घरापर्यंत पोहोचला नव्हता. तिच्या घरात दुसरीच एक गोष्ट आधीपासून राहात होती.

ती गोष्ट आता सांगितली पाहिजे. आपल्या बायकांची सर्वांत जुनी अद्भुत कादंबरी कुणी लिहिलेली नाही, ती चौंडक्यावर गायली जाते. तिचे नाव रेणुका, कानडी मुलखात यल्लम्मा, आपल्या सीमाभागात नुसती ‘आई’. जमदग्नी ऋषीची ही बायको रोज मलप्रभेवर जाते, वाळूची घागर करते, सापाची चुंबळ करते आणि त्या घागरीतून पाणी आणते. तिच्या मनाच्या एकाग्रतेवर वाळूचे मडके टिकते. एक दिवस पाण्यात स्त्रियांसह क्रीडा करणारा गंधर्व तिला दिसतो. मन क्षणभर हलते. मडके वळत नाही, साप निसटतो. रिकाम्या हाताने आलेल्या बायकोला नवरा शाप देतो आणि तिच्या अंगावर महारोग फुटतो. ती रानात भटकते. तिथे एकय्या आणि जोगय्या हे दोन साधू तिला भेटतात, तळ्यात स्नान करायला सांगतात, घरोघर जोगवा मागायला सांगतात. तिचे अंग बरे होते. सौंदत्तीच्या यात्रेला जाणारी माणसे आजही जोगुळभावीत अंघोळ करतात ती याच आठवणीने. बरी होऊन ती घरी परतते तर नवऱ्याचा राग तसाच. तो मुलांना आईचे मस्तक उडवायला सांगतो. जे मुलगे नकार देतात त्यांचे पुरुषत्व जाते. परशुराम कुऱ्हाड उचलतो.

इथे कथेला फाटा फुटतो, आणि आपल्या दृष्टीने खरी गोष्ट त्या फाट्यावर आहे. दक्षिणेत आणि सीमाभागात सांगितल्या जाणाऱ्या एका कथेनुसार रेणुका जीव वाचवायला एका मातंगिणीच्या आश्रयाला जाते. ती मातंगीण तिला सोडत नाही. परशुराम दोघींची मस्तके उडवतो. पुढे वर मिळून आई जिवंत करताना धड एकीचे आणि डोके दुसरीचे असे होते. यल्लम्मा आणि मातंगी या दोघी मग एकमेकींजवळ पुजल्या जातात. ब्राह्मण ऋषीच्या बायकोला ऋषीच्या आश्रमात थारा मिळाला नाही, मांगवाड्यात मिळाला. तिच्यासाठी मान दिली ती मांगाच्या बाईने. या एका प्रसंगात जातिव्यवस्थेचा आणि पुरुषी व्यवस्थेचा जेवढा उलगडा आहे तेवढा अनेक ग्रंथांत मिळत नाही. ही गोष्ट कुणी रचली? मला वाटते, ज्यांच्या दाराशी अशा हाकलून दिलेल्या बाया येत होत्या त्यांनीच.

म्हणजे या कथेत सगळे आहे. निरागस बाईला दिलेली शिक्षा, रोग, रानातली भटकंती, औषध, आपल्याच बळावर मिळवलेले देवत्व, आणि एका बाईने दुसऱ्या बाईला दिलेला आसरा. आजच्या इंग्रजी पुस्तकांच्या दुकानात स्त्रीच्या आत्मशोधाच्या ज्या अद्भुत कादंबऱ्या मांडलेल्या असतात त्यांचा आराखडा याहून वेगळा नसतो.

पण ही कथा मोकळी राहिली नाही. तिला देऊळ मिळाले, देवळाला पुजारी मिळाले, आणि गावच्या पाटलाला, जमीनदाराला तिच्यात सोय दिसली. मुलीच्या केसांची गुंतवळ झाली, तेल-कंगव्याला वेळ नसलेल्या घरात ती व्हायचीच, की ती आईची जट ठरली. मूल आजारी पडले, पोटी मुलगा झाला नाही, म्हैस मेली, की मुलगी सोडण्याचा नवस आला. गळ्यात दर्शनाचे मणी बांधले की तिचे लग्न देवाशी लागले आणि तिच्या देहावर गावचा हक्क सांगायला लोक मोकळे झाले. सोडलेल्या मुली बहुतेक दलित घरांतल्या. देवीची कृपा नेमकी आपल्याच वाड्यावर एवढी का, हा प्रश्न विचारायला आपल्यालाही फार वेळ लागला.

दोन पुनवांचा विधी या व्यवस्थेचे मर्म उघडे करतो. मार्गशीर्षातल्या पुनवेला जमदग्नीच्या वधाची आठवण म्हणून देवी विधवा होते आणि जोगतिणी बांगड्या फोडतात. पुढे अहेव पुनवेला देवी पुन्हा सवाष्ण होते, जोगतिणी बांगड्या भरतात. देवीचा नवरा मरतो आणि जिवंत होतो. जोगतिणीला नवराच नाही. दुसरीच्या वैधव्याचे दुःख मात्र तिने दरसाल आपल्या मनगटावर भोगायचे. कोल्हापुरात ओढ्यावरच्या रेणुकेच्या देवळाशी आंबील यात्रा भरते तेव्हा परडी आणि जग घेऊन आलेल्या बायकांची गर्दी ज्यांनी पाहिली असेल त्यांना या विधीचा जोर वेगळा सांगायला नको. देवीचा मुखवटा बसवलेली टोपली, तिला जग म्हणतात. ती डोक्यावर घेऊन जोगतीण मैल मैल चालते. राणीच्या हाती गोंडा आला, आमच्या बाईच्या डोक्यावर जग आला.

कायदे होत राहिले. शाहू महाराजांनंतर मुंबई प्रांताचा १९३४ चा, कर्नाटकाचा १९८२ चा, महाराष्ट्राचा २००५ चा. गडहिंग्लज आणि निपाणीच्या पट्ट्यात सत्तरच्या दशकापासून कार्यकर्त्यांनी देवदासींच्या परिषदा भरवल्या, मुलांसाठी वसतिगृहे उभी केली, पेन्शनसाठी मोर्चे काढले. साहित्यातही हे जग आले. राजन गवस यांची ‘चौंडकं’ १९८५ ची. उत्तम बंडू तुपे यांची ‘झुलवा’ रंगभूमीपर्यंत गेली. या कादंबऱ्यांनी समाजाला जे दाखवले ते दाखवणे आवश्यक होते. पण दोन्ही पुरुषांनी लिहिलेल्या. जोगतिणीचे भोग त्यांत पानोपानी आहेत. जग उतरवून ठेवल्यावर ती बाई एकटी असताना काय कल्पना करते, हे अजून कुणी जोगतिणीने कादंबरीत लिहिलेले माझ्या वाचनात आलेले नाही.

इथे आपल्यातले काही मित्र म्हणतील, कल्पना कसली करते, ती अंधश्रद्धेत बुडालेली असते. हे इतके सरळ नाही. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने १९८६ साली आले. आषाढात महारवाड्यात बायकांच्या अंगात येते, त्याची वर्णने त्यात आहेत. एरवी जिला सासू उपाशी ठेवते, नवरा गुरासारखे मारतो, ती सून त्या वेळी हळदकुंकू भरलेल्या कपाळाने घुमू लागते आणि तेच सासू-सासरे, तोच नवरा तिच्या पाया पडतात. तिला हवे ते मागता येते, नको ते नाकारता येते. मग अंगातले उतरते आणि ती पुन्हा जात्यावर बसते. बेबीताईंनी याची भलावण केलेली नाही. अज्ञानाचा खेळ म्हणूनच त्यांनी ते मांडले. पण त्या पानांवर मला एक उघडी गोष्ट दिसते. राज्य करणारी बाई ही कल्पना आपल्या बायकांकडे होती. ती त्यांना घटकाभर, स्वतःच्या नावाने नव्हे तर देवीच्या नावाने, अंग मोडून घेऊन जगावी लागत होती. आणि हे लिहिणाऱ्या बेबीताईंची स्वतःची गोष्ट काय? फलटणच्या आपल्या दुकानात बसून त्यांनी हे लिहिले आणि सुमारे वीस वर्षे नवऱ्यापासून ते कागद लपवून ठेवले. देवीच्या नावाने बोलणाऱ्या बाईला घर भीत होते. स्वतःच्या नावाने लिहिणारीला कागद लपवावे लागले.

बरे होण्याची दुसरी वाट या बेबीताईंच्याही फार आधी एका मुलीने दाखवून ठेवली होती. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त दोन अंकांत छापून आला. त्या वेळी मराठीत कादंबरी हा प्रकारच जन्माला यायचा होता, ‘यमुनापर्यटन’ १८५७ चे. मांग-महारांच्या बाळंतिणींना डोक्यावर छप्पर नसते, थंडीपावसात त्या कशा प्रसूत होतात, हे तिने लिहिले. इमारतीच्या पायात शेंदूर-तेल पाजून आपली माणसे पुरली जात, हे लिहिले. शेवटी ती आपल्या लोकांना रोगी म्हणते आणि त्यांच्यासाठी एकच औषध सांगते, ज्ञान. मुक्ताने हा शब्द कुठून घेतला असेल? तिच्या वाड्यात रोग म्हणजे देवीचा कोप आणि औषध म्हणजे नवस. त्या दोन शब्दांना तिने देवळातून बाहेर काढले आणि शाळेच्या दारात आणून ठेवले. जोगुळभावीचे पाणी तिने पाटीवर आणले, असे मी म्हणेन. वयाच्या चौदाव्या वर्षी हे करणाऱ्या मुलीला आपण फक्त निबंधलेखिका म्हणतो.

या वाटेवरून पुढे गेलेल्या बाया थोड्या नाहीत. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ सुरू केले आणि मुरळ्यांची चाल बंद करण्याची हाक दिली, तेव्हा शिवूबाई या मुरळीने त्या पत्रात आपली कैफियत लिहून पाठवली. कांबळ्यांच्या एका सहकाऱ्याने तिच्याशी रीतसर लग्न केले. देवाशी लागलेले लग्न एका पत्राने मोडले. १९२७ च्या डिसेंबरात महाडला मनुस्मृती जाळल्यानंतर बाबासाहेबांनी बायकांची वेगळी सभा घेतली. अस्पृश्य म्हणून ओळखू येईल असे लुगडे नेसू नका, ते कथलाचे दागिने टाका, असे त्यांनी सांगितले आणि लगेच बाया लुगडी नेसण्याची तऱ्हा बदलून आल्या. एका रात्रीत रूप पालटणाऱ्या नायिका परीकथेत असतात, त्या दिवशी त्या महाडच्या रस्त्यावर होत्या. ‘पालखीचा गोंडा’ याच्या पुढच्याच वर्षी छापली गेली, ही नोंद वाङ्मयाच्या इतिहासात कुणी एकत्र केलेली मी पाहिली नाही. आणि १६ जून १९३६ रोजी मुंबईत दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब मुरळ्या, जोगतिणी, देवदासी यांच्यापुढे उभे राहिले. हे जिणे सोडा, तरच आमच्याबरोबर चला, असे त्यांनी कठोरपणे सांगितले. त्या कठोरपणाबद्दल आज कुणी काही म्हणो. या बायकांना देवीच्या दासी न मानता निर्णय घेऊ शकणारी माणसे मानून त्यांच्याशी बोलणारा तेवढा मोठा माणूस त्यांच्यापुढे तोवर आलेला नव्हता.

मग आपल्या कादंबरीचे काय झाले? अण्णाभाऊ साठ्यांनी ‘चित्रा’, ‘वैजयंता’, ‘चंदन’ अशा किती नायिका उभ्या केल्या. वाळव्याच्या मातीतल्या या माणसाला लढणाऱ्या बाईचे वेड होते. प्रस्थापित समीक्षेने त्यांना रंजक, भडक, सिनेमासारखे म्हणून बाजूला सारले, आणि दुर्दैव असे की आपणही ‘फकिरा’ तेवढा घेतला आणि बाकीचे रंजक म्हणून ठेवून दिले. बाबूराव बागुलांची ‘सूड’ १९७० ची. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ लिहिणारा हा वास्तवाचा कट्टर लेखक. त्याने या लघुकादंबरीत जानकीला बाजारातल्या बाईपणातून उठवून संन्याशाच्या वेषात स्वतःच्या शोधाला पाठवले. दलित साहित्यात स्त्रीच्या आत्मशोधाची अद्भुत म्हणावी अशी कादंबरी कोणती, असे त्या मुलीने पुन्हा विचारले तर मी आधी तिच्या हाती ‘सूड’ ठेवीन. ती आपल्या अभ्यासक्रमांत, चर्चासत्रांत फारशी येत नाही. बागुलांच्या बाकीच्या लेखनाशी ती जुळत नाही म्हणून आपण तिच्याबद्दल गप्प बसलो काय?

माझे म्हणणे आता स्पष्ट झाले असेल. वास्तवाची बाजू सोडा असे मी म्हणत नाही. पण अद्भुत ही प्रस्थापितांची मिरास नव्हे. वाळूची घागर, सापाची चुंबळ, दोन बायकांची बदललेली मस्तके हे सगळे आपल्या वाड्यांवरच्या बायकांच्या तोंडी होते. देवळाने ते घेतले आणि त्याच्या साखळ्या केल्या. साखळ्या तोडताना आपण गोष्टही टाकून दिली. ज्या मातंगिणीने रेणुकेला दार उघडले तिच्यावर आपल्यातल्या एखादीने कादंबरी लिहिली तर ती अंधश्रद्धा होईल की विद्रोह, हे त्या गोष्टीची मालकी कुणाकडे आहे यावर ठरेल.

कोल्हापूर जिल्ह्यातच, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा मेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचे नाही. पुढे काही दिवसांत राज्य सरकारने हा कित्ता गिरवण्याबद्दल परिपत्रक काढले. वर्तमानपत्रांत ते वाचताना मला मार्गशीर्षातली ती पुनव आठवत होती. देवीच्या बांगड्या कोण वाचवणार, हा प्रश्न हेरवाडच्या ठरावात नव्हता, असायचे कारणही नव्हते.

मध्यंतरी त्या वसतिगृहात पुन्हा जाणे झाले. मुलगी बारावी होऊन नर्सिंगला गेली होती. सुट्टीत आलेली भेटली. मी तिला काशीबाईंच्या राणीची गोष्ट सांगितली. तिने ऐकून घेतली आणि विचारले, “मग त्या राणीच्या डोक्यात जट होती का वो?” मी म्हणालो, नव्हती. मग तिने आपल्या आज्जीचे सांगितले. जट कमरेपर्यंत आली होती. मान एका बाजूला वळायची नाही, रात्री कुशीवर झोपता यायचे नाही, उवांनी कातडे फुटलेले. कापली तर आई कोपते म्हणून आज्जी कुणाला हात लावू देत नसे. शेवटी नातीनेच एक दिवस कार्यकर्त्या बायकांना घरी आणले. त्यांनी आधी भाकरी खाल्ली, तासभर गप्पा मारल्या, मग कात्री काढली. आज्जीने डोळे गच्च मिटून घेतले होते. जट जमिनीवर पडली तेव्हा तिने विचारले, “झालं?”

मग आठ दिवस आज्जी सारखा मानेमागे हात नेऊन बघत होती. रात्री तीन-तीनदा उठून कूस बदलायची. नातीने विचारले, झोप लागत नाही का. तर म्हणाली, लागती गं, पर कूस बदलून बघायला बरं वाटतंय.